श्रद्धावंतांच्या घरातील ग्रंथनिवड

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मुलांना शाळेत न धाडता घरीच शिकविण्याची जी चाल गेल्या अर्धशतकात बळावली, तिची कारणे अनेक असली, तरी तिचा मोठा भार वाहिला तो श्रद्धावान ख्रिस्ती कुटुंबांनी. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ व १९६३ सालच्या निवाड्यांनी सरकारी शाळांतून शाळेने योजलेली प्रार्थना आणि बायबलचे पठन बंद झाले. १९७२ साली योडर खटल्यात आमिश पंथाच्या आईबापांना आठव्या इयत्तेनंतर मुलांना शाळेबाहेर ठेवण्याची मुभा मिळाली. आणि १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर ठरले. कायद्याचा वाद असा मिटला खरा; परंतु सरकारी पाठ्यक्रम ज्या दिवशी उंबरठ्याबाहेर राहिला, त्याच दिवशी त्याच्या जागी काय आणावयाचे याची सारी मुखत्यारी आईबापांच्या, आणि व्यवहारात बहुधा एकट्या आईच्या, पदरी पडली. दुसऱ्या एका जिवाने काय वाचावे, काय पाहावे, आणि कशापासून अनभिज्ञ राहावे हे ठरविण्याचा हा अधिकार लहानसहान नाही, आणि ज्याची अशी श्रद्धा आहे की तो जीव आपला नसून परमेश्वराने काही काळ आपल्या हवाली केलेला आहे, त्याला तर तो अधिकार भय उत्पन्न करणाराच वाटला पाहिजे.

बाजाराला मात्र असले भय नसते. मुळाक्षरांपासून खगोलशास्त्रापर्यंत प्रत्येक विषयाची ख्रिस्ती आवृत्ती, वर्षभराचे पाठ एकाच खोक्यात बांधून, दाराशी येऊन पडते. जोडीला चित्रपट, गाणी आणि ध्वनिकथा असतात. स्वयंपाक, धाकट्यांची दुखणीखुपणी आणि थोरल्यांचे गणित एकाच वेळी सांभाळणाऱ्या आईने वेष्टनावरचा शिक्का पाहून निश्चिंत व्हावे यात नवल नाही, आणि तिला दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु तो शिक्का ग्वाही देतो ती कशाची? लेखक श्रद्धावान असावा याची. प्रकाशकाने कोणते गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवले आहे याची तर निःसंशय. ग्रंथातील मजकूर खरा आहे, तो निगुतीने लिहिलेला आहे, आणि मुलाच्या बुद्धीचा मान राखणारा आहे, याचा दाखला त्या शिक्क्यात नसतो. आणि माझ्या मते श्रद्धावंताने पहिली चौकशी करावयाची ती याच तीन गोष्टींची.

हा प्रश्न दिसतो तितका अर्वाचीन नाही. इसवी सन ४०३ च्या सुमारास बेथलेहेमच्या मठातून जेरोम या लॅटिन धर्मपंडिताने रोममधील लेटा नावाच्या मातेला, तिच्या पाउला नामक तान्ह्या मुलीच्या शिक्षणाविषयी, एक दीर्घ पत्र लिहिले. गृहशिक्षणाचा इतका तपशीलवार मसुदा प्राचीन ख्रिस्ती वाङ्मयात क्वचितच सापडेल. मुलीसाठी लाकडाची किंवा हस्तिदंताची अक्षरे करवून घ्यावीत, म्हणजे खेळता खेळता ती त्यांची नावे शिकेल. तिच्या सोबतीला दुसऱ्या मुली असाव्यात, म्हणजे त्यांची स्तुती ऐकून हिला हुरूप येईल. शिकण्याचा कंटाळा बाळपणीच जडू देऊ नये, कारण तो पुढे जात नाही, अशा मोठ्या मायेच्या सूचना त्यात आहेत. पुढे ग्रंथांचा क्रम येतो: प्रथम स्तोत्रे, मग जीवनाच्या नियमनासाठी नीतिसूत्रे, संसाराची असारता कळावी म्हणून उपदेशक, धीरासाठी ईयोब, त्यानंतर शुभवर्तमाने, प्रेषितांची कृत्ये व पत्रे, मग संदेष्टे आणि इतिहासग्रंथ, आणि गीतरत्न अगदी शेवटी, कारण त्यातील शृंगाराच्या भाषेआडचा आत्मिक अर्थ कोवळ्या वयात उमगणार नाही. रत्ने आणि रेशीम यांऐवजी तिला पोथ्या प्रिय व्हाव्यात, आणि त्या पोथ्यांतही सोनेरी वेलबुट्टीपेक्षा पाठाची शुद्धता तिने पाहावी, असे जेरोम सांगतो. हे शेवटचे वाक्य आजच्या रंगीत ख्रिस्ती प्रकाशनांच्या प्रत्येक कचेरीत भिंतीवर लावण्याजोगे आहे.

परंतु या पत्राचा शेवट विचार करावयास लावणारा आहे. एवढा बंदोबस्त रोमसारख्या नगरीत, गोतावळ्याच्या घरात, कसा जमावा, असा प्रश्न लेटाला पडेल हे जाणून जेरोम तिला सुचवितो की हा भार तुला झेपणार नसेल, तर मुलीला बेथलेहेमला तिच्या आजीकडे व आत्याकडे मठात पाठवून दे, मी स्वतः म्हातारपणी तिला खांद्यावर वागवीन. म्हणजे निवडीची शिस्त शेवटपर्यंत ताणली की घरच्या शाळेतून घरच नाहीसे होते. आणि हा सल्ला देणाऱ्या पुरुषाची स्वतःची लॅटिन कोणी घडविली होती? सिसरोने आणि व्हर्जिलने. तरुणपणी ज्वराच्या ग्लानीत आपण न्यायासनापुढे उभे आहोत आणि 'तू ख्रिस्ताचा नव्हेस, सिसरोचा आहेस' असा आरोप आपल्यावर ठेवला जात आहे, असे स्वप्न त्याला पडले होते, आणि त्याने ते स्वतःच लिहून ठेवले आहे. तरीही ज्या शैलीत ते लिहिले, ती शैली सिसरोचीच होती. लेटाला लिहिलेल्या त्या पत्राच्या आरंभी मुलीच्या मूर्तिपूजक आजोबांचा, पुरोहित आल्बिनस यांचा, उल्लेख आहे: नात त्यांच्या मांडीवर बसून परमेश्वराची स्तोत्रे गाईल आणि म्हातारा ती ऐकेल, या कल्पनेने जेरोम हर्षित होतो. मला त्याच्या साऱ्या ग्रंथसूचीपेक्षा ही मांडी अधिक महत्त्वाची वाटते, कारण तीवर बसलेल्या मुलीला दुसरी श्रद्धा भेटली ती शत्रू म्हणून भेटली नाही, आजोबा म्हणून भेटली.

कैसरियाच्या बासिलने त्याआधीच्या, चौथ्या शतकात ग्रीक वाङ्मयाविषयी तरुणांना जे प्रवचन दिले, त्यात मधमाशी जशी सर्व फुलांवर सारखीच बसत नाही आणि बसते तेथूनही सगळेच नेत नाही, तसे वाचा, असा उपदेश आहे. तो अधिक शहाणपणाचा आहे. मात्र तो वयात आलेल्यांना केलेला होता, आणि सहा वर्षांच्या मुलाला मधमाशीचा विवेक नसतो, हे जेरोमच्या बाजूने मान्य केलेच पाहिजे. बाळपणी निवड दुसऱ्याने करावी लागते. वाद आहे तो निकषाचा.

प्रचलित निकष बहुधा असा असतो की पुस्तकात सदाचार असावा, दुष्टपणा असू नये, आणि परमेश्वराचे नाव यावे. या निकषावर उतरणारी सामग्री विपुल आहे, पण ती ख्रिस्ती असतेच असे नाही. १९९३ साली अमेरिकेत 'व्हेजीटेल्स' नावाची चित्रफीतमाला निघाली. बॉब नावाचा टोमॅटो आणि लॅरी नावाची काकडी मुलांना बायबलमधील कथा सांगत, आणि घरोघरी ती लाडकी झाली. तिचा एक जनक फिल व्हिशर याची कंपनी २००३ साली दिवाळखोरीत गेली, आणि पुढे त्याने जाहीरपणे सांगितले की इतकी वर्षे आपण मुलांना ख्रिस्ती माणसासारखे वागा असे शिकवीत आलो, ख्रिस्ती धर्म मात्र शिकविलाच नाही. ही कबुली देण्यास धैर्य लागते. मनुष्य आपल्या सद्वर्तनाने तरत नाही, तो कृपेने तरतो, हा ज्या धर्माचा गाभा, त्या धर्माच्या नावाने मुलाला केवळ शहाण्यासारखे वाग म्हणून ताकीद देणारी पुस्तके शेकड्यांनी विकली जावीत, ही विसंगती पालकांच्या ध्यानी आलेली नाही असे दिसते.

विज्ञानाच्या बाबतीत हानी अधिक गंभीर होते. आर्चबिशप अशर याने १६५० साली सृष्टीची उत्पत्ती ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये झाली असे गणित मांडले, आणि पृथ्वी काही सहस्र वर्षांचीच आहे असे ठामपणे शिकविणारी पाठ्यपुस्तके आजही गृहशिक्षणाच्या खोक्यांतून येतात. त्यांच्या मागचा भक्तिभाव खरा असेल. परंतु पाचव्या शतकाच्या प्रारंभी ऑगस्टीनने उत्पत्तीच्या पुस्तकावर भाष्य करताना बजावून ठेवले आहे की आकाश, तारे, प्राणी यांविषयी जे ज्ञान अश्रद्धांनाही तर्काने व अनुभवाने मिळालेले असते, त्याविषयी ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राचा आधार सांगून भलतेच बोलू लागला, तर ऐकणारे त्याला हसतातच, पण पुनरुत्थानाविषयीही त्या शास्त्रावर ते कसा विश्वास ठेवतील? सोळा शतकांपूर्वीची ही सूचना आहे. बारा वर्षे असे पुस्तक शिकून महाविद्यालयात गेलेल्या मुलाला भूस्तरशास्त्राच्या पहिल्या वर्गात जो धक्का बसतो, त्यात त्याची श्रद्धा गेली तर दोष वर्गाचा नसतो. श्रद्धेला खोट्या जामिनावर ज्यांनी उभे केले त्यांचा असतो.

कथावाङ्मयाविषयीची भीती मला तितकीशी समजत नाही. सी. एस. लुइस या ख्रिस्ती लेखकाच्या नार्निया-कथांतील चेटकीण ज्यांच्या घरी निर्विघ्न नांदते, त्यांच्याच घरी हॅरी पॉटरची झाडूस्वारी वर्ज्य असते. त्यामागचे कारण लेखकाच्या कीर्तीखेरीज दुसरे शोधावे लागते. दुष्टपणा ज्यात दिसेल ते पुस्तक नको असा नियम केला, तर शास्ते हे पुस्तक प्रथम कुलपात ठेवावे लागेल, आणि दाविदाचा व्यभिचार व त्यासाठी त्याने करविलेला उरियाचा घात त्यामागोमाग. शिवाय त्या राजाला त्याचे पाप कळले ते कशाने? नाथान संदेष्ट्याने उपदेश केला नाही; गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची कल्पित गोष्ट सांगितली, आणि ऐकणारा त्या गोष्टीतील श्रीमंतावर संतापला तेव्हाच स्वतःच्या जाळ्यात सापडला. प्रभूच्या दृष्टांतांत तर धन्याचे कर्जरोखे खोटे करून कूळवर्गाला खूश करणारा लबाड कारभारी आहे, आणि त्याच्या हुशारीची प्रशंसाही आहे. हा दृष्टांत आज कोणी नव्याने लिहून बालसाहित्याच्या ख्रिस्ती प्रकाशकाकडे पाठविला, तर तो साभार परत येईल याबद्दल मला शंका नाही.

आपल्या भाषेतही या प्रश्नाचा अनुभव जुना आहे. गोव्यात नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांना पूर्वीच्या पोथ्या वर्ज्य झाल्या, तेव्हा त्यांपैकी एका ब्राह्मणाने पाद्रीला विचारले की जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही. हा प्रसंग फादर थॉमस स्टीफन्स याने आपल्या ग्रंथातच नमूद केला आहे, आणि १६१६ साली छापलेले ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' हे त्या प्रश्नाचे उत्तर होते. फर्मानाने ग्रंथ काढून घेता येतो, त्याची भूक काढून घेता येत नाही, हे त्या इंग्रज जेसुइटाला पुरते उमगले होते. पुढे १८५७ मध्ये बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिले ते धर्मप्रसाराच्या उघड हेतूने. पण मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ती आज वाचावीशी वाटते ती विधवांच्या दैन्याची जी चित्रे तीत आहेत त्यांच्यासाठी, आणि प्रवचनाची पाने वाचक भराभर उलटतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त तर प्रवचनच नाही. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या त्या आत्मवृत्तात सोवळ्याओवळ्याचा स्वतःचा जुना हट्ट, पतीचा विक्षिप्तपणा, धर्मांतराने दुभंगलेले घर, हे सारे बाई हसतहसत आणि काही न लपविता सांगतात, आणि म्हणूनच कोणत्याही धर्माच्या मराठी वाचकाला त्यांच्या श्रद्धेविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्रज शिक्षिकेच्या लिखाणाचा आजच्या गृहशिक्षकांवर मोठा प्रभाव आहे. तिने मुलांसाठी जिवंत पुस्तके मागितली, आणि एकदा वाचून झालेला मजकूर मुलाने आपल्या शब्दांत परत सांगावा अशी पद्धत घालून दिली. ही परीक्षा पुस्तकाचीही होते: ज्यात सांगण्याजोगे काही नाही, ते मुलाला परत सांगता येत नाही, मग वेष्टनावर शिक्का कोणताही असो.

परदेशात मुलांना घरी शिकविणाऱ्या मराठी ख्रिस्ती आईबापांना माझी विनंती एवढीच आहे की खोके मागविण्यापूर्वी 'स्मृतिचित्रे' घरात आणावे, ते आधी स्वतः वाचावे, आणि मग मुलांना रोज थोडे थोडे मोठ्याने वाचून दाखवावे; आणि जे पुस्तक आपण स्वतः शेवटच्या पानापर्यंत वाचलेले नाही, ते त्यांच्या हाती देऊही नये, त्यांच्या हातून काढूनही घेऊ नये.