समता शिकविता येते काय?

विद्यापीठांतील प्राध्यापकांना समतेचे प्रशिक्षण द्यावे, असा विचार अलीकडे वारंवार मांडला जातो. हेतू चांगला आहे. परंतु जो स्वतः जगाला शिकवितो, त्याला समता शिकविता येते काय?

कोणी म्हणेल, विद्वानाला हे शिकवायचे कशाला? इतिहास वेगळेच सांगतो. १९१८ साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेतलेला हा माणूस प्राध्यापकांच्या भांड्यातले पाणी पितो, म्हणून त्यांच्याच काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. ते सहकारी अडाणी नव्हते. पुढे २००७ साली दिल्लीच्या एम्स या वैद्यकीय संस्थेबाबत प्रा. सुखदेव थोरात समितीचा अहवाल आला. अध्यापकांची वागणूक, तोंडी परीक्षा, वसतिगृह, सर्वत्र जात आडवी येते, असे दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी समितीला सांगितले. २०१२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्याचे नियम केले. तरीही २०१६ साली हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातील रोहित वेमुलाच्या मृत्यूने देश हादरला.

याचा अर्थ असा की, विद्येने जात आपोआप जात नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी प्रज्ञेसोबत शील आणि करुणा मागितली.

मग शील कसे अंगी बाणते? भगवान बुद्धांच्या संघातील उपालीची कथा पाहा. उपाली हा शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्र त्याच्यासह प्रव्रज्या घ्यावयास आले. त्यांनीच तथागतांना विनविले की, उपालीला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुलाभिमान गळून पडेल. भगवंतांनी तसेच केले. समतेवर नुसते व्याख्यान दिले नाही. वंदनाचा क्रमच बदलला. जे नित्य करावे लागते, तेच मनात उतरते.

प्राध्यापकांचे प्रशिक्षणही असेच हवे. एक दिवसाचे भाषण, चहापान आणि प्रमाणपत्र, एवढ्याने काही होत नाही. उत्तरपत्रिकेवर नाव नसावे. तोंडी परीक्षेला एकाहून अधिक परीक्षक असावेत आणि गुणांची कारणे लिहावीत. पहिल्या तासाला आडनाव व प्रवेशपरीक्षेतील क्रमांक विचारू नये. तक्रार आल्यास ठरलेल्या मुदतीत चौकशी व्हावी. अशा रोजच्या वागण्याचा सराव आणि त्याची तपासणी, हेच खरे प्रशिक्षण.

बंधुभगिनींनो, पंचशीलातील प्रत्येक शीलाला आपण शिक्षापद म्हणतो. म्हणजे आपणही नित्य शिकणारेच आहोत. १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. मुलीचे स्थळ पाहताना आपण पोटजात विचारतो काय? विचारत असू, तर प्राध्यापकाकडे बोट दाखविण्याआधी आपलेही शिक्षण अपुरे आहे. आपल्या मुलांसाठी विद्यापीठाकडे समता हक्काने मागू या. पण ती मागणारा आवाज समतेने वागणाऱ्या घरातून उठू द्या.