राखणीला गेलेली माणसे

दिवाळीच्या सुमारास आमच्या गावच्या थांब्यावर एस. टी.तून दोन तऱ्हेची माणसे उतरतात. एक आमचे मुंबईकर. चार दिवस घरी राहायचे, फराळ करायचा, बंद पडवीतली जळमटे काढायची आणि भाऊबीज झाली की परतीची गाडी धरायची, असा त्यांचा शिरस्ता. दुसरी माणसे फार लांबून येतात. पाठीवर वळकटी, हातात एखादी पिशवी, क्वचित सोबत बायको आणि मूल. ती असतात कलमांच्या बागा राखायला आलेली नेपाळी माणसे. आम्ही रत्नागिरीकडचे लोक त्यांना सरसकट ‘गुरखे’ म्हणतो. मोहोर येण्याच्या आधीपासून शेवटचा आंबा उतरेपर्यंत ती बागेतल्या मांगरात राहतात, फवारणी करतात, माकडे हाकतात, रात्री बॅटरी घेऊन फिरतात, आणि पाऊस लागला की निघून जातात. एकाच गाडीतून उतरलेल्या या दोघांपैकी एक घरी आलेला असतो आणि दुसरा घर सोडून आलेला असतो.

अशाच एका राखणदाराचा मुलगा काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होता. दोन हंगामांत त्याने मराठी उचलले होते, तेही आमच्या हेलासकट. एके दिवशी भूगोलाच्या तासाला मी फळ्यावर नेपाळ आणि स्वित्झर्लंड ही दोन नावे लिहिली आणि मुलांना म्हटले, साम्ये सांगा. मुलांनी भराभर सांगितली : दोन्हीकडे उंच डोंगर, दोन्हीकडे बर्फ, दोघांनाही समुद्र नाही, दोन्हीकडे प्रवासी जातात. नेपाळला ‘आशियाचे स्वित्झर्लंड’ करू अशी भाषा तिकडे पुष्कळ वर्षे बोलली जात असे, ही भर मी घातली. तेव्हा त्या मुलाने हात वर केला आणि विचारले,

“गुरुजी, स्वित्झर्लंडची माणसं राखणीला कुठं जातात?”

वर्ग हसला. खरे सांगायचे तर मीही हसलो. मुलगा खाली बसला आणि तास संपला.

ते हसू मला पुढे फार दिवस टोचत राहिले. त्या हसण्यात एक गृहीत गोष्ट दडलेली होती. स्विस माणूस परदेशी गेला तर साहेब म्हणून जायचा आणि नेपाळी माणूस गेला तर राखणदार म्हणून जायचा, हे जणू डोंगर आणि बर्फ यांच्याइतकेच निसर्गाने ठरवून दिलेले! कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला तर ही खोड अधिकच असते. आम्ही माणसाची परिस्थिती त्याच्या स्वभावातून उलगडून दाखवतो. कष्टाळू वर जातो, आळशी बुडतो. पण रात्री दोन वाजता कलमांतून फिरणारी बॅटरी ज्याने पाहिली आहे, त्याने नेपाळी माणसाला आळशी कसे म्हणावे?

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. त्यापुढचे जे काही आहे ते मुलांच्या प्रश्नांची उत्तरे शोधताना आलेले. याही प्रश्नाचे उत्तर शोधायला बसलो, आणि पहिलाच धक्का असा बसला की, प्रश्न मुळीच वेडा नव्हता. स्विस माणसे राखणीला जातात. रोममध्ये पोपच्या दाराशी १५०६ सालापासून स्विस शिपाई पहारा देत आले आहेत. आज ती मानाची जागा आहे. रंगीत पट्ट्यांचा पोशाख घालून उभ्या राहिलेल्या त्या तरुणांची छायाचित्रे प्रवासी हौसेने काढतात. परंतु ज्या काळात ही पद्धत पडली, त्या काळी ती हौस नव्हती. डोंगराळ जमीन, धान्य थोडे आणि घरात मुलगे पुष्कळ. तेव्हा तिथल्या परगण्यांचे कारभारी परक्या राजांशी करार करीत, राजांकडून पैसे घेत आणि गावचे तरुण लढायला पाठवीत. १७९२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या जमावाने राजवाड्यावर चाल केली, तेव्हा तिथे पहाऱ्यावर असलेले सुमारे सहाशे स्विस शिपाई मारले गेले. राजा फ्रान्सचा, क्रांती फ्रान्सची, मरणारा मात्र कुठल्या तरी आल्प्सच्या खेड्यातला. ल्युसर्न गावी खडकात कोरलेला एक मरणोन्मुख सिंह आहे. तो १८२१ साली या शिपायांच्या स्मरणार्थ झाला.

नुसते शिपाईच गेले असेही नाही. १८१६-१७ च्या दुष्काळानंतर, १८१९ साली फ्रीबुर्ग आणि आसपासच्या भागांतून सुमारे दोन हजार माणसे ब्राझीलला वसाहत करायला निघाली. त्यांतली शेकडो वाटेतच दगावली. उरलेल्यांनी वसवलेल्या गावाचे नाव नोव्हा फ्रीबुर्गो, म्हणजे नवे फ्रीबुर्ग. १८४५ साली ग्लारुस परगण्यातून गरीब कुटुंबांचा असाच एक तांडा अमेरिकेला गेला आणि विस्कॉन्सिनमध्ये त्याने नवे ग्लारुस वसवले. माणसे कशाला कंटाळून गेली हे न सांगताही कळते. गावाचे नाव मात्र बरोबर घेऊन गेली.

त्याच काळात दुसऱ्या तऱ्हेचे स्विसही परदेशी जात होते, हे विसरून चालणार नाही. व्होल्कार्ट बंधूंनी १८५१ साली विंटरथूर आणि मुंबई अशा दोन्ही ठिकाणी एकदमच पेढी उघडली आणि कापसाचा मोठा व्यापार केला. १९५४ साली टाटांबरोबर त्यांनी जी कंपनी काढली ती व्होल्टास. स्विस शहर बासेल येथल्या मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना घातला. आमच्या शाळेवर आजही मंगलोरी कौले आहेत. ज्या छपराखाली मी त्या मुलाला हसलो, ते छप्परच मुळी परदेशी आलेल्या माणसांनी शिकवलेल्या कसबाचे होते.

आता नेपाळकडे पाहू. ईस्ट इंडिया कंपनी आणि नेपाळ यांचे युद्ध १८१४ ते १८१६ असे चालले, आणि ते संपण्याआधीच, १८१५ पासून, कंपनीने गुरखे आपल्या फौजेत घ्यायला सुरुवात केली. काही जण लाहोरला रणजितसिंगाच्या चाकरीत गेले. त्यावरून परदेशी शिपाईगिरीला जाणाऱ्याला नेपाळीत ‘लाहुरे’ हे नाव पडले. आपल्या ‘चाकरमानी’ या शब्दाचा तो सख्खा भाऊ. १९४७ साली दहा गुरखा पलटणींची वाटणी झाली. सहा भारताकडे राहिल्या, चार इंग्रजांकडे गेल्या. स्विस कारभाऱ्यांनी जे केले तेच नेपाळच्या राणा राज्यकर्त्यांनीही केले. जमिनीत पिकत नाही ते रक्तात विकले.

म्हणजे सुरुवात दोघांची सारखीच. मग आज काय दिसते?

आज आठ लाखांहून अधिक स्विस नागरिक देशाबाहेर राहतात. म्हणजे दहांतला एक. सर्वांत मोठा समूह शेजारच्या फ्रान्समध्ये आहे. सुमारे तीन चतुर्थांश माणसे दुसऱ्याही एखाद्या देशाची नागरिक आहेत. १९९२ पासून ती टपालाने मत देतात. आयुष्यभर भरलेल्या वर्गणीचे निवृत्तिवेतन स्विस नागरिकाला जगात कुठेही मिळते, आणि परदेशी कोणी फारच अडचणीत आला तर त्याला सरकारने मदत करावी असा कायदाही आहे. ती सगळी माणसे श्रीमंत आहेत असे मुळीच नाही. कितीएक म्हातारी तर मायदेशात ते वेतन पुरत नाही म्हणून स्पेन, पोर्तुगाल, थायलंड असा स्वस्त देश गाठतात.

नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे बावीस लाख माणसे देशाबाहेर असल्याची नोंद झाली. त्यांत अमेरिकेतले डॉक्टर आहेत, ऑस्ट्रेलियात शिकणारी मुले आहेत. पण फार मोठा भाग मलेशिया, कतार, सौदी अरेबिया, अमिराती आणि भारत इथे अंगमेहनत करणाऱ्यांचा. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे एक चतुर्थांश इतका पैसा ही माणसे घरी पाठवतात. जाण्यासाठी मात्र आधी कर्ज काढावे लागते. मालकाने तिकीट आणि व्हिसा फुकट द्यावा असा नियम २०१५ साली नेपाळ सरकारने केला, तरी दलालाचा हात सुटलेला नाही. २००८ पासून दहा हजारांहून अधिक कामगारांच्या परदेशातल्या मृत्यूची नोंद झाली आहे. ब्रिटिश फौजेतून १९९७ पूर्वी निवृत्त झालेल्या गुरख्यांना ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याचा सरसकट हक्क मिळायला २००९ साल उजाडले, आणि निवृत्तिवेतनाचे त्यांचे गाऱ्हाणे त्यानंतरही चालूच राहिले.

हे दोन हिशेब शेजारी ठेवल्यावर मला वाटू लागले की, फरक खिशातल्या पैशाचा नाहीच. निदान तो मूळ फरक नाही. मूळ फरक आहे ‘नको’ म्हणता येण्याचा. स्विस माणसाला मालकाचे वागणे पटले नाही, तर तो ‘नको’ म्हणून घरी जाऊ शकतो. घरी काम आहे, शाळा आहे, दवाखाना आहे. नेपाळी माणसाच्या घरी कर्ज आहे. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० सालच्या तहाने दार उघडे आहे. स्वित्झर्लंड आणि युरोपीय संघ यांच्यातही २००२ पासून तसेच दार उघडे आहे. पण उघडे दार दोघांना सारखे उपयोगी पडत नाही. एकाला त्यातून जाता येते. दुसऱ्याला जावे लागते.

आणि हे ‘नको’ स्विसांना डोंगरांनी दिलेले नाही. रेल्वे आल्या, गिरण्या आणि कारखाने उभे राहिले. १८५९ साली त्यांनी परक्या फौजांसाठी होणाऱ्या भरतीला बंदी केली; १८७४ च्या राज्यघटनेने प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. तिथल्या तरुणाला घरी राहणे परवडू लागले, तेव्हा त्याचे परदेशी जाणेही मानाचे झाले. आज जो स्विस माणूस परदेशात ताठ मानेने चालतो, त्याच्या त्या ताठपणात त्याची स्वतःची कमाई थोडी आणि पणजोबांच्या पिढीची पुष्कळ आहे.

इथेच लेख संपवला असता तर बरे झाले असते. पण पुढचे वाचले आणि मी अस्वस्थ झालो. ज्यांची माणसे पोटासाठी जगभर गेली, त्याच देशाने इटली, स्पेन, पोर्तुगालहून येणाऱ्या हंगामी मजुरांसाठी असा कायदा ठेवला की, वर्षाचे फार तर नऊ महिने राहा, काम करा. बायकोमुले आणायची नाहीत. कित्येक आईबापांनी मुलांना चोरून आणले आणि दिवसभर खोलीत कोंडून ठेवले. आवाज करू नका, खिडकीशी जाऊ नका. हा कायदा संपला तो थेट २००२ साली. म्हणजे ज्या घराने एके काळी आपले मुलगे दुसऱ्याच्या दाराशी पहाऱ्याला उभे केले, ते घर भरल्यावर दुसऱ्याचा मुलगा दाराशी उभा राहिलेला त्याला ओळखू आला नाही.

स्विसांना नावे ठेवणे सोपे आहे. पण नऊ महिने! आमच्या आंब्याचा हंगामही जवळजवळ तेवढाच की! आणि आम्ही कोण? आमच्या कोकणाची चूल पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरीवर पेटली. आमच्या आज्यांनी पोस्टमनची वाट पाहिली. घरचे मुलगे मुंबईला गेले, बागा राखायला घरी कोणी उरले नाही, म्हणून तर नेपाळचे मुलगे इथे आले. आणि त्यांच्या डोंगरातली शेते आता ओसाड पडत आहेत. आम्ही गेलो, त्या जागी ते आले. तरी आम्ही त्यांना नावाने हाक मारीत नाही.

आमच्या भावकीची थोडी कलमे आहेत. तिथे एक रीत होती : राखणदाराला महिन्याला खर्चापुरते द्यायचे, आणि उरलेला पगार शेवटचा आंबा उतरल्यावर. कारण, नाहीतर तो मध्येच जाईल. मी ही रीत लहानपणापासून पाहिली आणि तीत कधी काही वावगे वाटले नाही. आता कळते की, आम्ही त्याचा पगार अडवत नव्हतो, त्याचे ‘नको’ अडवत होतो. गेल्या साली मी भावांशी भांडून पगार महिन्याच्या महिन्याला द्यायला लावला. चुलते म्हणाले, “मास्तर, तू बागेला सवय लावतोस.” राखणदार मध्येच गेला नाही. गेला असता, तरी तो त्याचा हक्क होता.

तो मुलगा पुढच्या दिवाळीला परत आला नाही. बाप एकटाच आला. मुलगा आजोळी ठेवला, म्हणाला. शिकला तर शिकेल, नाहीतर मोठा झाल्यावर मलेशियाला पाठवू. मी त्याला फराळाला बसवले आणि मुलाच्या प्रश्नाचे उत्तर बापाला सांगितले. स्वित्झर्लंडची माणसेही राखणीला जातात. पाचशे वर्षे जात आली आहेत. त्यांच्या धर्मगुरूच्या दाराशी उभी राहतात. त्याने चकली बाजूला ठेवून नीट ऐकून घेतले. मग विचारले,

“पगार कितना देते हैं, गुरुजी?”

मी म्हटले, ठाऊक नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला.

“और बाद में घर जाते हैं?”

“हो, जातात.”

“मग चांगलं आहे,” तो मराठीत म्हणाला, आणि त्याने चकली उचलली.