काउंटरपाशी कोण उभं राहील?

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या जुन्या पबांना आपलं वय सांगायची भारी हौस. 'ये ओल्ड चेशायर चीज'च्या दाराशी तर पबाने पाहिलेल्या राजा-राण्यांची यादीच लावली आहे. 1666 च्या आगीत आधीची वास्तू जळाली आणि पुढच्याच वर्षी पब पुन्हा उभा राहिला. कोशकार सॅम्युएल जॉन्सनचं घर जवळच, गफ स्क्वेअरमध्ये; म्हणून तोही इथला नेहमीचा गिऱ्हाईक ठरला. पण त्याचं बारीकसारीक बोलणं टिपून ठेवणाऱ्या बॉस्वेलच्या चरित्रात या पबाचं नावही नाही.

थोरांच्या खुर्च्या दाखवून इतिहास सांगणं सोपं असतं. मला वाटतं, पबाचा इतिहास त्या रस्त्याच्या धंद्यात शोधावा. फ्लीट स्ट्रीटच्या एका टोकाला वकिलांची वस्ती. छापखाने 1500 च्या सुमारास आले, तर 1702 मध्ये 'डेली कूरंट' हे दैनिक निघालं. पुढे बातमीदार, संपादक, वकील यांची उठबस पबांतच होऊ लागली. कोण नोकरी सोडतोय, कोणता खटला रंगणार, हे छापून येण्याआधी ग्लास हातात धरून उभ्या असलेल्यांना कळे. म्हणजे काउंटर ही कचेरीच होती, फक्त तिला पाटी नव्हती.

अशा कचेरीत प्रवेश कोणाला, हा प्रश्न मग साधा राहत नाही. याच रस्त्यावरच्या 'एल व्हिनो' या वाइन बारमध्ये स्त्रियांना काउंटरपाशी उभं राहून पेय मिळत नसे. त्यांनी आतल्या खोलीत टेबलाशी बसायचं, अशी रीत. व्यवस्थापनाच्या मते हा शिष्टाचार. वकील टेस गिल आणि पत्रकार अ‍ॅना कूट यांनी त्याला आव्हान दिलं. खालच्या न्यायालयात त्या हरल्या, पण 1982 मध्ये अपील न्यायालयाने हा लिंगभेद ठरवला. स्त्रियांना पेय मिळत होतंच. नाकारली जात होती ती गर्दीत उभं राहून कानावर पडणारी बातमी.

1986 मध्ये 'सन' आणि 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' वॉपिंगला गेले, पाठोपाठ बाकीची वृत्तपत्रंही हलली. 2005 मध्ये रॉयटर्सनेही रस्ता सोडला. जुन्या भिंती कायद्याने राखता येतात, वर्दळ राखता येत नाही. त्या गप्पांच्या दिवसांसाठी हळहळणारे पुष्कळ आहेत. पण त्या मोकळेपणाला उंबरठा होता, आणि स्त्रियांनी तो ओलांडला तेव्हा बाजार उठायला जेमतेम चार वर्षं उरली होती.