‘पतित’ म्हणजे कोण?

आरतीत, नामस्मरणात, संतांच्या अभंगांत भगवंतास ‘पतितपावन’ म्हणून आळविले जाते. पावन म्हणजे पवित्र करणारा, हे भाविकांस सहज उमगते. पतित कोण, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

‘पत्’ म्हणजे पडणे. या संस्कृत धातूपासून पतित, पतन, अधःपतन हे शब्द सिद्ध झाले. जे कर्म माणसास खाली पाडते ते पातक. छांदोग्य उपनिषदात असे पडणारे पाच सांगितले आहेत : सोने चोरणारा, सुरापान करणारा, गुरुपत्नीशी व्यभिचार करणारा, ब्रह्महत्या करणारा आणि या चौघांची संगत धरणारा. पाचही जण स्वतःच्या कृतीने पडलेले आहेत, हे ध्यानी घ्यावे.

पतिताचे शासन कठोर असे. मनुस्मृतीच्या ११व्या अध्यायानुसार आप्तांनी गावाबाहेर जमावे, दासीने पाण्याने भरलेला घट पायाने लवंडावा आणि तो मनुष्य जिवंत असतानाच त्याचे एक अहोरात्र सुतक पाळावे. हाच घटस्फोट. आज विवाहविच्छेदासाठी हा शब्द सर्रास वापरताना त्यामागचे हे जिवंतपणीचे मरण कोणाच्या मनातही येत नाही. पण त्याच अध्यायात परतीची वाटही आहे. प्रायश्चित्त पूर्ण होताच त्याच आप्तांनी त्याच्यासह पवित्र जलाशयात स्नान करावे व नवा भरलेला घट त्या पाण्यात सोडावा. पतित स्त्रीलाही अन्न, वस्त्र आणि घराजवळ निवारा द्यावा. वसिष्ठ धर्मसूत्र तर म्हणते की, पतित पित्याचा त्याग करावा, परंतु माता पुत्रासाठी कधीच पतित होत नाही.

संतांनी हा शब्द इतरांकडे बोट दाखविण्यासाठी नव्हे, तर स्वतःसाठी वापरला. समाजाने मात्र तो कर्मावरून काढून जन्माला चिकटविला. १९३१ साली रत्नागिरीत स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या पुढाकाराने व दानशूर भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने सर्व हिंदूंस खुले असे मंदिर उभे राहिले. त्याचे नाव पतितपावन. हेतू उदात्त होता. तरीही ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या देवळाबाहेर थांबविले गेले, त्यांनी त्या पाचांपैकी कोणते पातक केले होते, हा प्रश्न उरतोच. पंढरीच्या विठ्ठलाचे दार त्यांच्यासाठी उघडण्यास १९४७ साल उजाडले, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले.