सुभाषित आणि वचन

स्वातंत्र्य, न्याय आणि शांती या तीन शब्दांभोवती गेल्या दोन-अडीच शतकांत विपुल प्रेरक वाङ्मय निर्माण झाले आहे. जाहीरनामे, संविधानांच्या उद्देशिका, न्यायालयांतील निवेदने आणि सभांमधील भाषणे अशा नाना रूपांत ते आढळते. साहित्यसमीक्षेने मात्र त्याकडे सहसा दुर्लक्ष केले आहे. ते एकदा वक्तृत्वाच्या खात्यावर टाकले, की त्याचा विचार करण्याची जबाबदारी संपते. सार्वजनिक व्यवहारातही त्याची गत फारशी वेगळी नाही. एखाद्या भाषणातून एक वाक्य उचलले जाते. त्याची तारीख, त्याचा श्रोता आणि त्याचा प्रतिपक्ष गळून पडतो. आणि ते वाक्य भिंतीवरच्या तसबिरीत जाऊन बसते.

या वाङ्मयासंबंधी एक नैतिक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. असे वाक्य ज्याच्या मुखातून आले, त्याच्या आचरणावरून त्या वाक्याचे मोल ठरते काय? उक्ती आणि कृती यांची एकरूपता हा मराठी संतपरंपरेने घालून दिलेला निकष आहे, आणि व्यक्तीची पारख करण्यासाठी तो निरपवाद आहे. परंतु जो निकष वक्त्याला लागू पडतो तोच वाक्यालाही लावावा काय, याचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे.

या प्रश्नाची सर्वांत अवघड कसोटी यान स्मट्स यांच्या उदाहरणात सापडते. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रांची सनद तयार झाली, तेव्हा तिच्या उद्देशिकेचा मूळ मसुदा दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान असलेल्या स्मट्स यांचा होता. पुढे त्यात बरेच फेरफार झाले. पण मूलभूत मानवी हक्कांवरील श्रद्धेचा उच्चार त्यात आरंभापासून होता. हेच स्मट्स वर्णविभागणीच्या राज्यव्यवस्थेचे कर्णधार होते. सनदेची शाई वाळते न वाळते तोच, १९४६ साली, त्यांच्या सरकारने भारतीय वंशाच्या लोकांच्या जमीन खरेदी करण्याच्या व वापरण्याच्या हक्कांवर कठोर बंधने घालणारा कायदा केला. मानवी प्रतिष्ठेविषयीचे त्यांचे वाक्य मग ढोंग म्हणून बाजूला सारावे काय?

इतिहासाने ते बाजूला सारले नाही. त्याच वर्षी भारताने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे नेला. भारत तेव्हा स्वतःच स्वतंत्र नव्हता. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित यांनी दक्षिण आफ्रिकेच्या कायद्याला सनदेच्या कसोटीवर उभे केले. हा आपला अंतर्गत प्रश्न आहे, असा बचाव खुद्द स्मट्स यांना करावा लागला. ८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने ३२ विरुद्ध १५ मतांनी भारताच्या बाजूने ठराव केला. ज्या दस्तऐवजाच्या उद्देशिकेवर स्मट्स यांचा हात फिरला होता, त्याच्याच आधारे त्यांच्याकडे जाब मागितला गेला.

या प्रसंगाचा उलगडा करायचा, तर मराठीतील ‘वचन’ या शब्दाकडे पुन्हा पाहावे लागते. हा शब्द दोन अर्थ एकत्र वागवतो. वचन म्हणजे उद्गार. आणि वचन म्हणजे दिलेला शब्द, जो पाळायचा असतो. सुभाषितात फक्त पहिला अर्थ असतो. सुभाषित स्वयंपूर्ण असते. ते ऐकणाऱ्याचे कोणतेही देणे लागत नाही. स्वातंत्र्य आणि न्याय यांविषयीचे सार्वजनिक विधान मात्र, विशेषतः ते सत्तेच्या स्थानावरून उच्चारलेले असेल तर, दुसऱ्या अर्थानेही वचन असते. ते उच्चारताच बोलणारा ऋणको होतो आणि ऐकणारा धनको. जे. एल. ऑस्टिन यांनी भाषिक कृतींच्या विवेचनात दाखवून दिले आहे, की पाळण्याचा इरादा नसताना दिलेले वचन तेवढ्याने रद्द होत नाही. तो वचनाचा गैरवापर ठरतो, पण वचन दिले गेलेलेच असते. संहितेचा अर्थ लेखकाच्या हेतूपुरता सीमित नसतो, हा आधुनिक समीक्षेचा सिद्धांत येथे केवळ अर्थनिर्णयापुरता राहत नाही. त्याला नैतिक परिमाण प्राप्त होते.

हा निकष केवळ परक्याला लावून भागणार नाही. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा इत्यादी ठिकाणे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुली केली. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर न्याय झाला होता. तळ्याचे पाणी मात्र होते तेथेच होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यांनी कोणतीही नवी मागणी केली नव्हती. दिलेल्या शब्दाची वसुली केली होती. त्याची प्रतिक्रिया म्हणून परिषदेस आलेल्यांवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे न्यायालयीन लढा दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निर्णय आंबेडकरांच्या बाजूने लागला. ठराव मागे घेण्याची निकड भासावी, हीच त्या शब्दाच्या सामर्थ्याची साक्ष होय. निव्वळ सुभाषित कोणी मागे घेत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. धनकोच्या हाती कागद असला म्हणून कर्ज फिटत नाही. आमसभेच्या ठरावाने दक्षिण आफ्रिकेतील कायदा बदलला नाही. उलट १९४८ नंतर तेथे वर्णविद्वेषाची अधिक क्रूर व्यवस्था उभी राहिली आणि तिचा शेवट व्हायला १९९४ साल उजाडावे लागले. हा आक्षेप खरा आहे. शब्द न्याय करीत नाहीत. तथापि अन्यायाला ते निर्वेध राहू देत नाहीत. ज्याने काहीच कबूल केलेले नाही त्याच्याशी फक्त बळाने भांडता येते. ज्याने कबूल केले आहे त्याच्याशी युक्तिवाद करता येतो. दुर्बलांच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

या तीन शब्दांपैकी शांती हा शब्द सर्वाधिक धोक्याचा आहे. स्वातंत्र्य आणि न्याय यांची मागणी बहुधा वंचित करतो. शांतीची मागणी मात्र ज्याच्या ताब्यात तळे आहे तोही करू शकतो. १९२४ ते १९२७ या काळात ठराव धूळ खात पडला होता, तेव्हा चवदार तळ्याच्या काठी शांतताच होती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात नेमका हाच भेद केला आहे. तणाव नसणे ही एक शांती आणि न्याय असणे ही दुसरी. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्याच वाक्यात हे तीन शब्द एकत्र येतात, तेव्हा त्या तिन्हींचा पाया म्हणून मानवी प्रतिष्ठा आणि समान हक्क यांचा निर्देश होतो. पाया वगळून नुसते शब्द उद्धृत केले, तर वचनाचे पुन्हा सुभाषित होते.

म्हणूनच अशा वाक्यांतील शब्दयोजना हा केवळ शैलीचा प्रश्न नसतो. १९४८ च्या त्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात आरंभी ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल असा शब्द होता. त्यात स्त्रिया गृहीतच आहेत, असे अनेकांचे मत होते. मानवी हक्क आयोगावरील भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी तो मान्य केला नाही, आणि अखेरीस तेथे ‘सर्व मानव’ आले. पूर्वी मुंबई विधिमंडळात काम केलेल्या या स्त्रीला ठाऊक होते, की गृहीत धरलेल्यांना वसुलीच्या वेळी दारात उभे केले जात नाही. धनकोंच्या यादीत नाव स्पष्ट असावे लागते.

समीक्षेचे या क्षेत्रातील कार्य यावरून निश्चित होते. प्रेरक वाक्याची थोरवी गाणे किंवा वक्त्याचा दांभिकपणा उघड करून थांबणे, या दोन्ही गोष्टी सोप्या आहेत. त्या वाक्याला त्याची तारीख, त्याचा श्रोता आणि त्याचा प्रतिपक्ष परत मिळवून देणे, ते कोणाला दिले गेले होते आणि त्यापैकी किती अद्याप येणे आहे हे विचारणे, हे अधिक कष्टाचे आणि अधिक उपयोगाचे काम आहे.