शरदातील लाल वेल



नोव्हेंबर महिना आपण आपल्या मृत भाविकांसाठी राखून ठेवलेला आहे. या दिवसांत आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावतो, फुले वाहतो, त्यांच्या आत्म्यांना शांती मिळावी म्हणून मिस्सा अर्पण करतो. हे योग्यच आहे. परंतु जे अजून आपल्या घरात आहेत आणि ज्यांच्या आयुष्याचा शरद सुरू झालेला आहे, त्यांच्याकडे आपले किती लक्ष असते? आज एका वेलीच्या मदतीने यावर आपण मनन करू या.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात 'व्हर्जिनिया क्रीपर' नावाची वेल रानात आपोआप वाढते. युरोपातील लोकांनीही ती हौसेने आपल्या बागांत लावली. ही वेल द्राक्षाच्याच कुळातील आहे, पण तिची फळे माणसाने खाण्याजोगी नाहीत, ती पाखरांसाठी. तिची फुले हिरवट आणि इतकी बारीक असतात की कुणाचे लक्षही जात नाही. मग माळी ही वेल का लावतो? पाने गळण्यापूर्वीच्या थोड्या दिवसांसाठी! त्या दिवसांत सबंध भिंत लालभडक होते. इतर झाडे आपण फुलांसाठी, फळांसाठी लावतो. ही वेल माळी तिच्या शेवटच्या रंगासाठी लावतो.

त्यासाठी तो धीर धरतो. भिंतीपासून सुमारे 45 सेंटिमीटरवर खड्डा खणून, कुजलेले खत घालून तो रोप लावतो आणि काठीच्या आधाराने भिंतीकडे वळवतो. पहिली एक-दोन वर्षे वेल फारशी वाढताना दिसत नाही. पण एकदा तिने जोर धरला की ती 15 मीटरपर्यंत चढते. मग खिडक्या, पन्हळी आणि कौले तिच्यापासून जपावी लागतात. म्हणून दर हिवाळ्यात माळी तिची छाटणी करतो. आपल्या नाशिकचे द्राक्ष बागायतदारही एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरच्या सुमारास वेलीची छाटणी करतात. त्यांना विचारा, छाटणी म्हणजे वेलीला केलेली शिक्षा नव्हे. योहानकृत शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायात प्रभू येशूने आपल्या पित्याला माळी म्हटले आहे, ते याच अर्थाने.

आता या लाल रंगाचे रहस्य पाहू या. दिवस लहान होऊ लागले, थंडी वाढू लागली की वेल पानांतील हरितद्रव्य मोडू लागते. पानांतील नत्रासारखे मोलाचे अन्नांश ती खोडाकडे आणि मुळांकडे परत नेते. पानातील पिवळा रंग आधीपासूनच हिरव्याखाली दडलेला असतो. तांबडा रंग मात्र बहुतेक त्या शेवटच्या दिवसांतच नव्याने तयार होतो. देण्याचे काम पुरे होईपर्यंत हा रंग पानाला प्रखर उन्हापासून जपतो, असे अनेक शास्त्रज्ञांचे मत आहे. भरपूर ऊन मिळणाऱ्या भिंतीवर तो गडद येतो, सावलीत फिका राहतो. आपल्या अंगणातील देशी बदामाची पानेही गळण्यापूर्वी अशीच लाल होतात. आपण ती झाडून टाकतो, एवढेच.

बंधू-भगिनींनो, घरातील म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत आपण हेच तर करत नाही ना? "आता त्यांना काय कळते?" असे म्हणून आपण त्यांना बाजूला सारतो. जमिनीच्या कागदावर सही हवी असली की त्यांची आठवण होते. परदेशातील मुलाचा फोन येतो, पण आजीच्या हाती तो एक मिनिटही दिला जात नाही. बाळ येशूला मंदिरात कुणी ओळखले? वृद्ध शिमोनने आणि 84 वर्षांच्या विधवा हन्नाने. ज्यांचा काळ संपला असे लोकांना वाटत होते, त्यांनाच आधी दर्शन घडले. म्हणून वेलीला जसे ऊन, तसा आपल्या वडीलधाऱ्यांना आपला सहवास हवा.

आणि वयस्कर बंधू-भगिनींनो, तुम्हालाही एक विनंती आहे. पान गळण्याआधी आपल्याजवळचे बरेच मोलाचे वेलीला परत देते. तुमची प्रार्थना, जुनी गीते, घराण्याच्या आठवणी नातवंडांना द्या. आणि सख्ख्या भावाशी बांधावरून वर्षानुवर्षे अबोला असेल तर तो आता सोडा. आयुष्यभर जो रंग आपल्या ठायी कधी दिसला नाही, तो क्षमेचा रंग अखेरच्या दिवसांतही नव्याने उमटू शकतो.

पण एवढे बळ येणार कुठून? चार्ल्स डार्विन यांचे चढत्या वेलींवरील पुस्तक 1875 साली निघाले. त्यात त्यांनी या वेलीच्या तणाव्यांचे वर्णन केले आहे. तणाव्याच्या टोकांना भिंतीचा स्पर्श झाला की तिथे बारीक चिकट टिकल्या तयार होतात. जो तणावा कशालाच चिकटत नाही, तो एक-दोन आठवड्यांत सुकून गळून पडतो. जो चिकटतो, तो जाड आणि मजबूत होतो. सुमारे दहा वर्षे वयाच्या तणाव्याच्या एकाच फाट्याने दोन पौंड, म्हणजे जवळपास 900 ग्रॅम वजन पेलले होते! तणाव्याचे बळ त्याच्या बिलगण्यात असते. आपण रोजच्या प्रार्थनेने, रविवारच्या मिस्साने, पवित्र कम्युनियनने प्रभूला बिलगून राहिलो, तर म्हातारपणातही आपली पकड सुटणार नाही.

हिवाळ्यात या वेलीची सगळी पाने गळून जातात. भिंत उघडी दिसते. परंतु वेल मेलेली नसते. ती भिंतीला तशीच घट्ट धरून असते आणि वसंतात पुन्हा पालवते. आपले मृत भाविकही प्रभूला असेच बिलगून आहेत, ही आपली श्रद्धा आहे.

या आठवड्यात आपण प्रत्येकजण एका वयस्कर माणसाजवळ थोडा वेळ शांत बसू या, त्याचे ऐकू या, शक्य असेल तर त्याला हात धरून मिस्साला आणू या.

हे प्रभो, आमच्या वडीलधाऱ्यांचा शरद आमच्या प्रेमाने उजळू दे, आणि आमची पाने गळतील तेव्हाही आम्हांला तुझ्यापासून दूर होऊ देऊ नकोस. आमेन.