ओलें वस्त्र, ऊन आणि लाज

धुणें पाण्यांत होतें असें आपण म्हणतों, परंतु तें पुरें होतें दोरीवर. लुगडें विहिरीवर कितीहि चोळलें, कितीहि आपटलें, तरी तें नीट वाळलें नाहीं तर त्या श्रमांचा अर्धा भाग व्यर्थ जातो. शिवाय ह्या वाळत घालण्याच्या कामांत एक गोष्ट अशी आहे, जी घरांतल्या दुसऱ्या कोणत्याहि कामांत नाहीं. चूल आंत असते, जातें आंत असतें, पेटीला कुलूप असतें. दोरी मात्र चारचौघांच्या डोळ्यांपुढें असते. आपणांजवळ वस्त्रें किती आहेत, त्यांतलीं फाटकीं कोणतीं, ठिगळ कोठें लावलें आहे, हें सर्व ती येणाऱ्याजाणाऱ्यास सांगून टाकते. म्हणून, वाचकहो, दोरीवर काय घालावें आणि काय लपवावें हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं.

आपल्या जालना जिल्ह्याला पाण्याची वाण आहे, पण उन्हाची नाहीं. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत हवा इतकी कोरडी असते कीं नऊवारी लुगडें पसरीत पसरीत शेवटच्या टोकाशीं पोहोंचावें, तों पहिलें टोक वाळूं लागलेलें असतें. दुधनेच्या किंवा कुंडलिकेच्या कांठीं तापलेल्या खडकांवर, खेड्यांत पऱ्हाटीच्या कुडावर, माळवदावर, जेथें जागा मिळेल तेथें वस्त्रें पसरलेलीं दिसतात. कोणी तीं बाभळीच्या कुंपणावर टाकतें आणि मग कांट्याला अडकून गेलेला पदर पाहून हळहळतें.

ऊन कापड वाळवितें असा सर्वसाधारण समज आहे. तें खोटें नाहीं, पण अर्धें काम वारा करतो. ओल्या कापडाभोंवतीं दमट हवेचा एक पातळ थर सांचतो. वारा तो थर वाहून नेतो व कोरडी हवा त्याच्या जागीं येते. म्हणूनच पौषांतल्या थंड दिवशींहि धोतर वाळतें, आणि भाद्रपदांत, हवाच पाण्यानें भरलेली असल्यामुळें, तेंच धोतर दिवसभर लोंबूनहि ओलसर राहतें. मग त्याला कुबट वास येतो, कारण ओलसर धाग्यांत सूक्ष्म जंतु वाढतात. अशा दिवसांत निखाऱ्यांवर उपडी टोपली घालून तीवर बाळाचीं दुपटीं वाळविण्याची आपल्या आजीबाईंची युक्ति चांगली आहे. मात्र टोपली तशीच सोडून दळणाला जाऊं नये. उन्हाचें काम याहून निराळें आहे. सूर्यकिरणांत जंतु मारण्याची शक्ति असते. त्याच किरणांनीं रंगहि उडतो. यास्तव रंगीत लुगडें उलटें करून सांवलींतल्या वाऱ्यावर घालावें व पांढरीं सुती वस्त्रें कडक उन्हांत.

अडचणी पुष्कळ आहेत. चैत्रांत वावटळ उठली म्हणजे सकाळभराचें धुणें मातींत लोळतें. आपल्या काळ्या खडकांतल्या पुष्कळ विहिरींचें पाणी जड असतें. साबणाला फेस येत नाहीं व वाळलेलें कापड पापडासारखें ताठ होतें. परंतु संध्याकाळीं दोरीवरून काढलेल्या सुती कापडाला जो वास असतो, त्याची सर पेटींतल्या कोणत्याहि अत्तराला नाहीं. परीट लोकांची हातोटी तर पाहण्यासारखी आहे. दोन दोऱ्यांना एकमेकींत पीळ देऊन त्या ताणतात व त्या पिळांत कापडाचा कोपरा खोवतात. चिमट्याची गरज पडत नाहीं. मुंबईस महालक्ष्मीच्या धोबीघाटावर अशा दोऱ्यांच्या रांगाच रांगा दिसतात.

पण जिच्यापाशीं एकच लुगडें आहे, तिनें तें कसें वाळवावें? अर्धें नेसून अर्धें धुवावें, तें वाळेपर्यंत तसेंच उभें राहावें, मग वाळलेला भाग नेसून उरलेला धुवावा. आपल्या कित्येक आज्यांनीं असेंच केलें. १९१७ सालीं चंपारण्यांत गांधीजींनीं कस्तुरबांस स्त्रियांकडे चौकशीस पाठविलें, कीं त्या कपडे कां धूत नाहींत. तेव्हां एका बाईनें त्यांना आपल्या झोपडींत नेलें व दाखविलें कीं येथें पेटी नाहीं, कपाट नाहीं, अंगावर आहे तेंच एक लुगडें. ही हकीकत गांधीजींनीं आपल्या आत्मचरित्रांत नमूद केली आहे. मोशेच्या नियमशास्त्रांतहि, शेजाऱ्याचें पांघरूण गहाण घेतलें तर सूर्य मावळण्यापूर्वीं तें परत द्यावें अशी आज्ञा आहे, कारण त्याला दुसरें पांघरूण नाहीं. तेव्हां स्वच्छतेचा उपदेश करणाऱ्यानें आधीं विहीर किती दूर आहे हें विचारावें. १९७२ व २०१२-१३ च्या दुष्काळांत आपल्या जिल्ह्यांतल्या बायकांना घागरभर पाणी प्यावें कीं धुण्यास घ्यावें हें ठरवावें लागलें. त्या वेळच्या मळक्या वस्त्राला जो हंसला त्याचें मन त्या वस्त्राहून मळकें म्हटलें पाहिजे.

दारिद्र्य दिसेल ही भीति केवळ गरिबांचीच आहे असेंहि नाहीं. अमेरिकेंत पुष्कळ वसाहतींच्या नियमांत बाहेर दोरीवर कपडे घालण्यास मनाई असे. दोरी दिसली तर वसाहतीची शोभा जाते व घरांची किंमत उतरते, असें तेथील लोक म्हणत. घरोघरीं विजेचीं यंत्रें कपडे वाळवीत आणि बाहेरचें ऊन फुकट जाई. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतानें २००८ सालीं व अमेरिकेच्या व्हर्माँट राज्यानें २००९ सालीं अशी मनाई कायद्यानें दूर केली. स्वतःच्या अंगणांत स्वतःचें धोतर वाळविण्याची मुभा कायद्यानें मिळवावी लागली, हें ऐकून आपल्या खेड्यांतल्या आजीबाई पोट धरून हंसतील.

आपल्याकडे मात्र दोरीची उंची हाच एक निराळा विषय होता. सोवळ्याचें वस्त्र उंच वलणीवर काठीनें घालीत, अशासाठीं कीं कोणाचा स्पर्श होऊं नये. ब्राह्मण कुळांत जन्मलेल्या रे. नारायण शेषाद्रींना त्या वलणीची ओळख कोणी करून द्यावयास नको होती. त्यांनीं एकोणिसाव्या शतकांत जालन्याजवळ बेथेल हें खेडें वसविलें, तें ज्यांची सांवलीहि त्या वलणीवर पडूं दिली जात नसे अशा लोकांसाठीं. पुढें १९२७ च्या डिसेंबरांत महाडास डॉ. आंबेडकरांनीं स्त्रियांच्या सभेंत स्वच्छ राहण्याविषयीं व लुगडें नीट नेसण्याविषयीं मुद्दाम सांगितलें. अस्पृश्यतेची खूण पटविणारे पोशाख व दागिने टाकून देण्यास सांगितलें. वस्त्राची गोष्ट एवढ्या मोठ्या लढ्यांत कशाला, असें एखाद्यास वाटेल. परंतु ज्यांच्या अंगावर मळकें व आंखूड वस्त्रच शोभतें असें शतकानुशतकें ठरविलें गेलें, त्यांच्या दारांतल्या दोरीवर धुतलेलें लांबरुंद लुगडें वाऱ्यावर फुगलें म्हणजे तें गांवाला कांहीं सांगत असतें.

आतां त्या वस्त्राविषयीं लिहितों, ज्याचें नांव अशा पत्रांत सहसा येत नाहीं. आपल्या भगिनी मासिक पाळीच्या दिवसांत जें कापड वापरतात तें कोठें वाळतें? पुष्कळ घरांत तें सरपणाच्या ढिगामागें, बाजेखालीं, न्हाणीच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत किंवा दुसऱ्या ओल्या लुगड्याच्या पोटांत वाळतें. म्हणजे वाळतच नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकीं सुमारे निम्म्यांनीं कापड वापरीत असल्याचें सांगितलें. तेव्हां ही गोष्ट जुनी झाली असें समजूं नये. सुती कापडांत स्वतः दोष नाहीं. साबणानें व स्वच्छ पाण्यानें धुऊन कडक उन्हांत वाळविलेलें कापड निर्धास्तपणें वापरावें, असें आरोग्यसेविका सांगतात. दोष ओलसरपणांत आहे. अंधारांत अर्धवट वाळलेल्या कापडामुळें खाज, चट्टे व आंतले विकार होऊं शकतात, आणि ज्या लाजेनें कापड लपविलें तीच लाज मग बाईला दवाखान्यांतहि जाऊं देत नाहीं.

यावर कोणी गृहस्थ म्हणेल, मर्यादा म्हणून कांहीं आहे कीं नाहीं? आहे, आणि ती असावी. परंतु मर्यादा माणसाचें रक्षण करते. जी रीति माणसाला रोगी करते तिला मर्यादा हें नांव देतां येत नाहीं. शिवाय त्याच अंगणांत त्या गृहस्थाचा लंगोट दोरीच्या ऐन मध्यावर फडकत असतो, आणि त्यानें शेजाऱ्यापाजाऱ्यांची मर्यादा भंगल्याचें ऐकिवांत नाहीं. ज्यांना जुन्या करारांतले अशुद्धतेचे नियम आठवतात, त्यांनीं बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेल्या त्या स्त्रीचीहि आठवण ठेवावी. ती गर्दींत मागून, लपत आली होती. प्रभूनें तिला तसेंच जाऊं दिलें नाहीं; सर्वांसमोर बोलतें केलें आणि कन्या म्हणून निरोप दिला.

त्या कापडाची गुढी उभारावी असें आमचें म्हणणें नाहीं. आडोसा आणि अंधार यांत फरक आहे, एवढेंच म्हणणें आहे. घराच्या मागल्या अंगाला, दुपारचें ऊन येईल अशा ठिकाणीं, छातीभर उंचीचा पऱ्हाटीचा कूड घालून आंत हातभर दोरी बांधली तर शेजाऱ्याला कांहीं दिसत नाहीं आणि सूर्याला सर्व दिसतें. हें काम घरांतल्या पुरुषानें करावें. कूड घालणें, खुंट्या ठोकणें हीं कामें तोच करतो, आणि त्यानें तो कूड कशासाठीं घातला हें न बोलतांहि घरांतल्या मुलींना कळतें.

खेड्यांत हें सोपें आहे. जालना शहरांत एका खोलींत बिऱ्हाड करणाऱ्या कुटुंबाला मागलें अंगण नसतें आणि गच्चीची किल्ली घरमालकाच्या कडोसरीला असते. वसतिगृहांत राहणाऱ्या मुलींची अडचण याहून मोठी, कारण तेथें दोऱ्या पुढच्या व्हरांड्यांत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेवर असतात. ज्यांच्या हातीं अशा जागेची व्यवस्था आहे त्यांनीं मुलींच्या शिक्षिकेला विचारून गच्चीचा एक कोपरा दोन बाजूंनीं चटई लावून आडोशाचा करावा, वरची बाजू उघडी ठेवावी, आणि त्याची किल्ली मुलींपाशींच असूं द्यावी. दोरी सुताची किंवा नायलॉनची चालेल. लोखंडी तार घेऊं नये. तिचा गंज एकदां सुती कापडाला लागला म्हणजे साध्या धुण्यानें निघत नाहीं.